भिकोबा शाहिरांचे डोळे

आमच्या स्टुडिओत कॅमेरा ह्यांचा आणि पेन्सिल माझी. दारावरच्या पाटीवर नाव मात्र एकट्या ह्यांचं होतं. त्याबद्दल मी तेव्हा कुरकुर केली नाही आणि आता पंच्याऐंशी ओलांडल्यावर तर करण्यात काही हशील नाही. पण चिंचवडपासून चाकणपर्यंत ज्या घराच्या भिंतीवर आमच्याकडचा त्या काळचा फोटो असेल, त्यातल्या माणसाच्या गालावर माझी पेन्सिल फिरलेली आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला होता, निर्वासितांची वसाहत गजबजली होती, आणि बाकी जिकडेतिकडे बाजरीची शेतं होती. आमचा स्टुडिओ म्हणजे चिंचवड स्टेशनजवळची एक कौलारू खोली. उत्तरेच्या अंगाची कौलं काढून तिथे काचा बसवल्या होत्या. उजेड काय तो तेवढाच. फोटो काचेच्या प्लेटवर यायचा. हे डोक्यावर काळं कापड घेऊन जुळणी करायचे, मग भिंगावरची टोपी काढायची, मनात सावकाश ‘एक’ म्हणायचं आणि टोपी परत लावायची. तेवढा वेळ समोरच्या माणसाने हलायचं नाही. लोक श्वास कोंडून बसायचे, त्यामुळे त्या काळच्या फोटोत सगळेच जरा रागावलेले दिसतात.

पुढचं काम माझं. त्याला रिटचिंग म्हणत. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळा कोट पांढरा दिसतो आणि दात काळे. चेहऱ्यावरचा काळा डाग म्हणजे काचेवरची एक फिकट जागा. काचेला पातळ रोगण चोळायचं, आणि त्या जागेत अणकुचीदार पेन्सिलीने शिसं भरायचं, की छापल्यावर डाग नाहीसा. तेव्हा देवीच्या व्रणांशिवायचा चेहरा क्वचितच येई. मी खिडकीशी तिरकं डेस्क लावून बसायची आणि दुपारभर लोकांच्या देवी बुजवायची. काम इतकं बेमालूम व्हायचं की काही जणी स्वतःचा फोटो बघून लाजत असत.

एकदा दापोडीच्या एका फिटरचा फोटो आला, कारखान्याच्या पाससाठी. गालावर कानापासून हनुवटीपर्यंत वण होता. मला त्याची कणव आली आणि मी वण पुसून टाकला. तिसऱ्या दिवशी फिटर दारात उभा. म्हणाला, “बाई, दरवान आत सोडंना. म्हणतो, या फोटोतल्या माणसाला घेऊन ये.” आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि ह्यांनी नवा फोटो काढून दिला. हसण्याऐवजी मी तेव्हा घडीभर विचार केला असता, तर पुढचा प्रकार टळला असता. पण मला माझ्या हाताचं फार कौतुक होतं.

आमच्याकडचं दुसरं मोठं काम गेलेल्या माणसांचं. फोटोने आयुष्य कमी होतं अशी खेड्यांतून समजूत होती, त्यामुळे जिवंतपणी कुणी फिरकत नसे. माणूस गेला की मात्र मुलं धावत यायची. हे सायकलला कॅमेरा बांधून निघायचे. तिकडे म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं, डोक्याला नवा फेटा. पण मिटल्या डोळ्यांचा बाप भिंतीवर कुणालाच नको असे. “डोळे तेवढे उघडे करून द्या,” म्हणायचे. मग मी बारीक सुरीने बुबुळाच्या जागी काचेवरचा थर खरवडायची, भोवती शिसं भरायची आणि बुबुळात चमकेचा एक ठिपका ठेवायची. समोर नमुना हवा, म्हणून डेस्कवर आरसा ठेवलेला असे. असे कितीतरी फोटो गावोगाव गेले, आणि मुलं म्हणायची, “आबा अगदी बघतायत आपल्याकडं.” याहून मोठी शाबासकी मला नको होती.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे कलावंत. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू होत. जत्रेत कुणाचा कार्यक्रम ठेवायचा ते गावचे पंच ठरवत, आणि ठरलं की त्याला ‘सुपारी दिली’ म्हणत. त्यासाठी होळीच्या आधीपासून शाहीर, बँडवाले, भजनी मंडळं आपापली हॅण्डबिलं छापून गावात वाटायची, आणि हॅण्डबिलावर फोटो असायचा. हा फोटो घरातल्या फोटोसारखा काढून चालत नाही. त्याचा आधी पुण्याला जस्ताचा ब्लॉक बनतो. ब्लॉक म्हणजे नुसते ठिपके. त्यात कागद स्वस्तातला गुलाबी आणि छापखान्याची शाई भरमसाट, त्यामुळे नाजूक छटा सगळ्या वाहून जातात. म्हणून हे कलावंताला बजावायचे, की चेहरा मोठा येऊ द्या, कपडे ठळक घाला, मागे पडद्यावरची बाग मागू नका, आणि वाद्य वाजवत असाल तर बोटं दिसू द्या.

ऐकतंय कोण! एका बँडमास्तरला क्लॅरिनेट वाजवतानाचा फोटो हवा होता, पण त्यात मनगटावरचं नवं घड्याळही दिसायला हवं होतं. वाजवताना मनगट आत वळतं आणि घड्याळ लपतं. तासभर खटपट झाल्यावर त्याने घड्याळ कोपराजवळ बांधलं आणि तसाच फोटो काढून घेतला. एका भजनी मंडळाच्या अकराच्या अकरा जणांना पखवाजाशेजारी बसायचं होतं. पखवाज एकच आणि त्याला बाजू दोनच, हे समजावता समजावता उजेड गेला.

त्या वर्षी होळीच्या सुमारास भिकोबा शाहीर आले. ते चाकणच्या पलीकडचे, खेडच्या वाटेवरच्या एका गावचे. खेड म्हणजे आताचं राजगुरुनगर. हातात डफ, मागे तुणतुणंवाला आणि झील धरणारे, म्हणजे मागून सूर ओढणारे दोघं, एवढाच त्यांचा फड. आवाज मात्र असा होता, की लाऊडस्पीकर नसताना जत्रेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही शब्द न् शब्द कळायचा. हे मला ह्यांनी सांगितलं होतं. आमच्या घरातल्या बायका जत्रेत फड ऐकायला जात नसत, त्यामुळे मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आदल्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला आणि सगळा हंगाम अंथरुणात गेला. तेवढ्यात आवई उठली. कुणी म्हणे शाहिरांचा आवाज गेला, कुणी म्हणे शाहीरच गेले.

भोसरीपर्यंत एसटीने आणि पुढे पायी आले होते. पाणी पिऊन म्हणाले, “वैनी, औंदा हांडबिलावर फोटू पायजे. लांबच्या गावांस्नी कळूंद्या, भिकोबा जित्ता हाय आन् गातोय. औंदा बी सुपाऱ्या न्हाई आल्या, तर झीलकरी दुसऱ्या फडात जानार. मग आमी कुनाच्या जिवावर गायचं?”

ह्यांनी त्यांना उजेडात उभं केलं आणि सांगितलं, “शाहीर, गायलाच लागा. पहिला लांब सूर धरलात की मी टोपी काढतो.” मी आतल्या खोलीत डेस्कवर होते. आवाज आला तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल थांबली, एवढं आठवतं. दोन प्लेटी घेतल्या. शाहीर लगेच परतीच्या वाटेला लागले, कारण ब्लॉकसाठी फोटो दोनच दिवसांत पुण्याला जायचा होता आणि त्यांचं इथे काही काम उरलं नव्हतं.

प्लेटी धुतल्यावर कळलं, एकीत हात हलला होता. दुसरी लख्ख आली होती. एक हात कानावर, दुसऱ्यात डफ, तोंड उघडं, मान ताणलेली. पण डोळे मिटलेले.

“तो सूर धरताना ते डोळे मिटतात. माझ्या लक्षात राहायला हवं होतं,” हे म्हणाले. “परत बोलावू या त्यांना.”

“कशाला? आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा एवढी पायपीट! आणि ते पुन्हा डोळे मिटणारच. द्या इकडे.”

“अगं, पण जिवंत माणसाचे...”

“डोळे ते डोळे,” मी म्हटलं.

अख्खी दुपार घालवली मी त्या प्लेटवर. आरसा पुसून घेतला, सुरीला धार लावली. बुबुळं खरवडली, चमक ठेवली, हाताशी पेन्सिल होतीच तर मानेवरच्या शिराही बुजवल्या. छापून बघितलं तेव्हा शाहीर डोळे उघडून थेट माझ्याकडे बघत होते. ह्यांनी फोटो उलटसुलट करून बघितला आणि नुसताच पाकिटात घातला. मला वाटलं, कौतुक करायला जड जातंय.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी शाहीर पुन्हा दारात. सोबत त्यांची बायको, सोनाबाई. शाहीर उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

“वैनी, मी जित्ता हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांनी सांगितलं. चाकणच्या अलीकडच्या, जिथे ते आजवर कधी गायले नव्हते अशा एका मोठ्या गावात ते सुपारीचं विचारायला गेले. तिथे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, तोंड कुणाला माहीत नव्हतं. हॅण्डबिल आधीच पोहोचलेलं. पंचांनी त्यांना एका घराच्या ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “शाहीर कशानं गेलं हो? तुमी त्यांचं कोन?”

“म्या म्हनलं, मीच भिकोबा. तवर घरातली म्हातारी भाईर आली. हांडबिल हातात घिऊन म्हनली, ह्यो फोटू ग्येलेल्या मानसाचा हाय. आमच्या मालकांचा बी भितीवर असाच हाय. त्येच डोळं. मग काय, समद्यांचं ठरलं, शाहीर ग्येलं आन् चेले त्यांच्या नावावर फड चालवत्यात. मला म्हनले, खोटं कशाला बोलतोस?”

“गाऊन दाखवायचं होतंत,” मी म्हटलं.

“गायलो की! पर ज्यांनी मला कदी ऐकलंच न्हाई, त्यांना काय कळनार ह्यो आवाज कुनाचा? आवई उठलीच हुती, तिच्यावर तुमच्या फोटूनं शिक्का मारला. एक न्हाई, चार गावांनी नगं म्हनून सांगितलं.”

मी आधी चिडले. फोटो स्वच्छ होता, छपाई गचाळ असेल, त्याला मी काय करू, असं काहीतरी बोलले. सोनाबाई माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पदरातून हॅण्डबिल काढलं आणि आमच्या नमुन्यांच्या कपाटात एका दिवंगत पाटलांचा फोटो होता, त्याच्याशेजारी काचेवर धरलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग वळून माझ्याकडे बघितलं.

“बाई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “हे डोळं तुमचं हायेत.”

मी पुढे होऊन बघितलं. ब्लॉकमध्ये चेहऱ्याचं बारीक काम सगळं उडालं होतं आणि उरले होते फक्त डोळे. शाहिरांचा खालचा अर्धा चेहरा गात होता, आणि वरचा अर्धा भिंतीवर टांगलेला होता. पाटलांचे डोळेही तेच. पंचक्रोशीतल्या सगळ्या गेलेल्या माणसांना मी आरशात बघून एकच जोडी दिली होती, आणि मला वाटत होतं की ती त्यांची आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. “शाहीर, चूक माझी आहे,” एवढंच कसंबसं म्हणाले.

जुनी प्लेट सुधारण्यासारखी नव्हती, खरवडलेला थर परत येत नाही. हे म्हणाले, “आत्ताच चला. बाहेर ऊन आहे, टोपीऐवजी शटर चालेल. हललात तरी चिंता नाही.” आम्ही चौघं पवनेच्या काठी गेलो. हे कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून तयार झाले, पण शाहीर गाईनात. डफ छातीशी धरून, डोळे ताणून उभे राहिले.

“शाहीर, गा की.”

“डोळं मिटत्यात मास्तर. मिटलं की मेलेलाच दिसनार.”

“आणि आत्ता जो फोटो काढीन तो बघून तुम्हाला कारखान्यात सोडतील, जत्रेत नाही.”

शाहीर हसलेसुद्धा नाहीत. घामाने ओले झाले होते. गाण्यावर जगलेला माणूस गायला घाबरत होता, आणि त्याला ती भीती माझ्या पेन्सिलीने घातली होती. मला तिथे उभं राहवेना.

सोनाबाई एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि खाली बघत स्वतःच गण म्हणायला सुरुवात केली. फडाच्या सुरुवातीला गणपतीला म्हणतात ते गाणं. आवाज बारीक होता आणि दुसऱ्याच ओळीला सूर घसरला.

“आगं, सूर सोडलास!” शाहीर ओरडले. “असं न्हाई. आसं...”

आणि हात कानावर गेला. नदीपलीकडच्या शेतातली माणसं मान वर करून बघायला लागली. मी पहिल्यांदाच समोर उभी राहून त्यांना ऐकत होते. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, तापाने वाळलेल्या दुसऱ्या हातात डफ नाचत होता, पडलेल्या दाताची फट दिसत होती आणि डोळे गच्च मिटलेले होते. त्या मिटलेल्या डोळ्यांत झोप नव्हती आणि मरण तर मुळीच नव्हतं. शटर कधी वाजलं ते मला कळलंही नाही.

प्लेट धुऊन डेस्कवर आली तेव्हा माझे हात शिवशिवत होते. निदान दाताची फट बुजवावी, मानेवरचा घाम पुसावा. ह्यांनी मागून येऊन एवढंच म्हटलं, “पेन्सिल खाली ठेव.” मी ठेवली.

हॅण्डबिल पुन्हा छापून होईतो चैत्रातल्या मोठ्या जत्रांच्या सुपाऱ्या दुसऱ्यांना गेल्या होत्या. एक झीलकरी फड सोडून गेला, तो परत आला नाही. हे नुकसान माझ्यामुळे झालं आणि ते भरून देता येण्यासारखं नव्हतं, हे मी आजही कबूल करते. पण वैशाखात लहान गावांच्या जत्रा असतात, त्या मिळाल्या आणि फड टिकला. पहिली सुपारी कुठे मिळाली ते सोनाबाईंनी मला नंतर सांगितलं. शाहीर नवं हॅण्डबिल घेऊन पुन्हा त्या म्हातारीकडेच गेले होते. तिने कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, आणि वळून पंचांना म्हणाली, “ह्यो गातोय.” मोठी जत्रा तर होऊन गेली होती. पण तिच्या माहेरच्या गावची वैशाखातली जत्रा तिने शब्द टाकून शाहिरांना मिळवून दिली.

हल्ली चौकाचौकात गाणाऱ्या मुलामुलींचे फ्लेक्स लागतात. गाल गुळगुळीत, दात एकसारखे, सगळे थेट आपल्याकडे बघून हसतायत. कलावंताचा फोटो चांगला कसा काढावा असं मला कुणी विचारत नाही. विचारलंच तर मी त्या म्हातारीचे दोन शब्द सांगेन. कलावंत काम करताना स्वतःच्या नकळत जे करतो, तेच त्याला ऐकणारे ओळखतात, आणि नेमकं तेच आम्हाला दोष वाटतं. त्यानंतर मी कलावंताच्या चेहऱ्याला पेन्सिल लावली नाही. बँडमास्तरांनी विनवण्या केल्या तरी नाही.

चार-पाच वर्षांनी सोनाबाई एकट्याच आल्या. कपाळाकडे बघितल्यावर विचारायचं काही उरलं नाही. मी त्यांना पाणी दिलं. भांडं खाली ठेवून म्हणाल्या, “भितीवर लावाया फोटू पायजे.”

मी लगबगीने नदीकाठची प्लेट काढली. शाहिरांचा त्याहून खरा फोटो नव्हताच. त्यांनी ती माझ्या हातातून घेतलीसुद्धा नाही.

“ह्यो न्हाई. पयला.”

“सोनाबाई, तो चुकलेला फोटो आहे. आणि त्यातले डोळे...”

“ठावं हाय, तुमचं हायेत.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “ते गायचे तवा मी म्होरंच बसायची. पर डोळं मिटलेलं. जल्मभर गाताना माज्याकडं कदी बघितलं न्हाई त्यांनी. आता घरात मी एकलीच हाय. कुनीतरी बघाया पायजे. तुमचं तर तुमचं.”

ती प्लेट मी फेकली नव्हती. का ते मला नीट सांगता येणार नाही. डेस्कच्या खालच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवली होती. मी ती काढली, धूळ पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. सवयीने दुसऱ्या हातात पेन्सिल घेतली होती. पण त्या प्लेटवर मला करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी ती तशीच ह्यांच्याकडे छापायला दिली.